सही जुळत नाही!

इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच वर्षी कळतं की इथे ज्ञानापेक्षा सह्या महत्त्वाच्या! जर्नलच्या प्रत्येक एक्सपेरिमेंटखाली सही, असाइनमेंटवर सही, वर्कशॉपच्या जॉबवर सही, लायब्ररीच्या नो ड्यूजवर सही. सबमिशनच्या आठवड्यात अख्खं डिपार्टमेंट फाईल छातीशी धरून ‘सर, फक्त एक सही’ म्हणत कॉरिडॉरमध्ये पळत असतं. अटेंडन्सची प्रॉक्सी तर आपला राष्ट्रीय खेळ. (प्रॉक्सी म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या नावाने ‘येस सर’. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) आणि एखादी गोष्ट आवडली तरी आपण म्हणतो, ‘सही आहे यार!’ एकूण काय, या शब्दावाचून आपलं पान हलत नाही.

पण मित्रहो, मी लिहिणार आहे ती सही कुणाच्या हाताने केलेली नाही. ती एक यंत्र दुसऱ्या यंत्राकडे पाठवतं, आणि ती समजून घेण्यात माझे सहा आठवडे गेले.

झालं असं, की तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायचं यंत्र घेतलं. विहिरी घरच्याच, म्हणजे आबांच्या. आबा माझे आजोबा, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात. सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, ईएसपी-३२ नावाचा छोटासा बोर्ड तो आकडा घेतो आणि दर अर्ध्या तासाने ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणीत, मुंबईच्या केंद्रात नेऊन ठेवतो. बोर्डाची मेमरी तुटपुंजी, म्हणून मोठी तयार लायब्ररी न घेता गरजेपुरती क्लायंट लायब्ररी आपणच लिहायची ठरली. एकाने सेन्सर घेतला, एकीने वायफाय, एकाने ग्राफ आणि रिपोर्ट. माझ्या वाट्याला आलं ऑथेंटिकेशन. बाकीचे म्हणाले, ‘तुझं काय, दोन ओळींचं काम! पासवर्ड पाठवायचा, झालं.’

पासवर्ड पाठवायचाच नसतो, इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. मागची विनंती कुणी केली होती ते तिला आठवत नाही, त्यामुळे प्रत्येक विनंतीत आपण कोण हे नव्याने पटवून द्यावं लागतं. दर वेळी पासवर्ड पाठवला, तर तो एकदा जरी कुणाच्या हाती लागला तरी तो माणूस आपल्या नावाने वाटेल ते, वाटेल तेव्हा करू शकतो. म्हणून क्लाऊडवाले आपल्याला दोन गोष्टी देतात: वीस अक्षरांची एक ओळख-किल्ली आणि चाळीस अक्षरांची एक गुप्त किल्ली. पहिली प्रत्येक विनंतीत उघड जाते. दुसरी कधीच जात नाही. विनंतीचा मजकूर आणि गुप्त किल्ली यांच्यावर गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते, ती जाते. पलीकडे त्यांच्याकडे आपली गुप्त किल्ली असते. ते तेच गणित करतात. उत्तर तेच आलं तर दार उघडतं, नाहीतर ४०३ आणि एक एरर: ‘सिग्नेचर डज नॉट मॅच’. सही जुळत नाही!

हे वाचताना मला आमच्या घरातली एक जुनी फाईल आठवली.

माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आबा एका भाऊबंदाला सोसायटीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. तो म्हणाला, ‘मजकूर नंतर टाईप करून घेतो, तू सही तेवढी करून ठेव.’ आबांनी कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही केली. पुढे त्या कागदावर जामीनपत्र आलंच नाही, आलं ते तीस गुंठ्यांचं साठेखत! अकरा वर्षं कोर्टात गेली. समोरच्या वकिलाने कागद पुढे धरून एवढंच विचारलं, ‘ही सही तुमचीच ना?’ आबा म्हणाले, ‘माझीच.’ आबा खोटं बोलत नाहीत. शेवटी तडजोडीत ते तीस गुंठे गेले. सही खरी होती, मजकूर खोटा होता, आणि त्या दोघांना एकमेकांशी बांधणारं कागदावर काहीही नव्हतं.

पासवर्ड म्हणजे असाच सही केलेला कोरा कागद. तो ‘कोण’ एवढंच सांगतो. काय मागितलं, कधी मागितलं, कुठे मागितलं, याबद्दल गप्प. विनंतीवरच्या सहीचा सगळा खटाटोप त्या तीन प्रश्नांसाठी आहे.

आधी ‘काय’. सही करण्यापूर्वी विनंतीचा एक मसुदा तयार करायचा. पहिल्या ओळीत क्रिया: ठेवायचं आहे की आणायचं आहे. मग पत्ता. मग पत्त्यापुढची पॅरामीटर्स, क्रमाने लावलेली. मग हेडर्स, नावं लहान लिपीत, तीही क्रमाने. मग कोणकोणत्या हेडर्सवर सही आहे त्यांची यादी. शेवटी आतल्या मजकुराचा शा-२५६ हॅश. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठा समजा. एक अक्षर बदललं की अख्खा अंगठाच बदलतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या वेळी पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं असं सांगतात. ‘ध चा मा’ ही म्हण मी कॉन्व्हेंटमध्ये नव्हे, आबांकडून ऐकली. त्या पत्राला हॅश असता तर गारद्यांनाही कळलं असतं की मजकूर मूळचा नाही!

इथे प्रॉक्सीही लागते बरं का. आपल्या बोर्डापासून मुंबईपर्यंतच्या वाटेवर प्रॉक्सी नावाची यंत्रं असू शकतात, आणि ती आपल्या विनंतीला स्वतःची हेडर्स चिकटवतात. सगळ्याच हेडर्सवर सही केली तर वाटेत कुणी एक वाढवलं की सही मोडली. म्हणून ‘कशावर सही आहे’ ही यादी लागते. होस्ट, तारीख असं जे बदलता कामा नये, त्याच्यावर सही. बाकीचं बदललं तर बदलू दे.

आता हा मसुदा दोन्ही बाजूंना अगदी सारखा आला पाहिजे. सारखा म्हणजे बाईट-न्-बाईट. आमच्या शाळेत सिस्टर कर्सिव्हमध्ये आयवरचा टिंब राहिला तरी अख्खं पान परत लिहायला लावायच्या. त्या सिस्टर या कामाला फार उपयोगी पडल्या असत्या! रिकाम्या जागेसाठी टक्का-वीस लिहायचं, अधिकचं चिन्ह चालत नाही. सोळा-आधारी आकड्यांतली अक्षरं कॅपिटलच हवीत. आणि आमच्या बोर्डाबरोबर आलेला तयार कोड रिकाम्या जागेला नेमकं अधिकचं चिन्ह लावत होता. एस-थ्री निदान भला, तो एररबरोबर स्वतःचा मसुदाही पाठवतो. दोन मसुदे शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत बसायचं. दोन रात्री आणि मेसचा बराच चहा लागला, पण सापडलं.

मराठीने तर वेगळीच गंमत केली. ग्राफवाल्या मित्राचा हट्ट, की फाईलींची नावं मराठीतच हवीत. त्याने नाव दिलं, ‘दुसऱ्या विहिरीची नोंद’. युनिकोडमधलं आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट घेतं, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाईटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका ‘क’ची नऊ! तेही परवडलं. पण ‘दुसऱ्या’मधला तो ‘ऱ’ आहे ना, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, अख्खा ‘ऱ’ एका संकेतात, तीन बाईट. दुसरा, साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता, सहा बाईट. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. सही एका रूपावर केली आणि वाटेत कोडच्या एखाद्या भागाने दुसरं रूप पाठवलं, तर सही जुळणं शक्य नाही. आणि दोन्हीकडे एकच रूप ठेवलं तरी पहिल्या रूपाची आणि दुसऱ्या रूपाची अशा दोन वेगळ्या फाईली होतात, नाव डोळ्यांना एकच! एस-थ्री अक्षरं वाचत नाही, बाईट मोजतो. म्हणून आम्ही लायब्ररीतच नियम घातला, नाव आत येताक्षणी एका ठरलेल्या रूपात आणायचं आणि मग सही. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, ह्रस्व-दीर्घासाठी आई अजून हसते. पण ‘ऱ’ला दोन जन्म आहेत हे घरात फक्त मलाच माहीत आहे!

आता प्रश्न पडतो, एवढे काटेकोर नियम हवेतच कशाला? सगळं नुसतं एकापुढे एक चिकटवून सही काढली तर? हा विचार मोठमोठ्यांनी केलेला आहे, आणि दोन वेळा तो अंगाशी आलेला आहे.

ॲमेझॉनच्या सहीच्या पहिल्या आवृत्तीत पॅरामीटर्सची नावं आणि किमती मध्ये काहीही न घालता सलग जोडल्या जात. २००८ साली कॉलिन पर्सिव्हल या संगणकतज्ज्ञाने त्यातली भोकं दाखवली. ‘नाव’ बरोबर ‘राम’ आणि ‘नावरा’ बरोबर ‘म’, सलग जोडले की दोन्हींचं ‘नावराम’च होतं. म्हणजे एका विनंतीवरची खरी सही दुसऱ्याच विनंतीला लावता येते! मोडी वाचणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही, मोडीतही शब्दांमध्ये जागा सोडत नसत. पुढच्या आवृत्तीत ती चिन्हं मध्ये आली.

दुसरी गोष्ट २००९ची, फ्लिकर या फोटोंच्या साईटची. त्यांच्या सहीत गुप्त किल्ली आधी आणि मजकूर मागून, असं जोडून साधा हॅश काढला जात होता. अशा हॅशची एक खोड आहे. किल्ली माहीत नसतानाही मजकुराच्या शेवटी आणखी मजकूर जोडून त्याचा बरोबर हॅश काढता येतो. थाय डुओंग आणि हुलियानो रिझ्झो या दोघांनी हे करून दाखवलं. मला हे कळलं आणि मी चाटच पडले, कारण हेच दुखणं आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी ओळखलेलं होतं. शिवकालीन पत्रांवर वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे वेगळं मोर्तब. मोर्तबाचा अर्थच ‘इथे पत्र संपलं’. त्याखाली कुणी काही लिहिलं तर ते पत्रातलं नाही. शिक्कामोर्तब हा शब्द आपण उगाच जोडीने म्हणत नाही!

संगणकातलं मोर्तब म्हणजे एचमॅक. मिहिर बेलारे, रान कॅनेट्टी आणि ह्युगो क्रॉचिक यांनी १९९६ साली ते मांडलं. किल्ली मिसळून एकदा हॅश, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा किल्ली मिसळून दुसऱ्यांदा हॅश. बाहेरचा हॅश आतल्याला बंद करतो, मागून काही जोडायला जागाच उरत नाही. ॲमेझॉनची चौथी आवृत्ती यावरच उभी आहे. मुंबईचं केंद्र २०१६ साली सुरू झालं ते फक्त चौथीच घेतं, त्यामुळे आम्हाला निवड नव्हतीच.

‘काय’ झालं, आता ‘कधी’ आणि ‘कुठे’. चौथ्या आवृत्तीत मूळ गुप्त किल्लीने थेट सही करतच नाहीत. गुप्त किल्ली आणि आजची तारीख यांतून एक किल्ली काढायची. तिच्यातून प्रदेशाची, आमच्यासाठी मुंबई. तिच्यातून सेवेची, म्हणजे एस-थ्रीची. मग एक ठरलेला शब्द घालून शेवटची. त्या चौथ्या किल्लीने सही. ही किल्ली चोरीला गेली तरी ती फक्त त्या दिवसाची, त्या ठिकाणची, त्या कामाची. उलटं चालून तिच्यातून मूळ किल्ली काढता येत नाही. वकिलांच्या भाषेत कुलमुखत्यारपत्र आणि विशेष मुखत्यारपत्र यांत जो फरक, तोच.

शिवाय विनंतीत वेळ असतेच. तिच्यात आणि एस-थ्रीच्या घड्याळात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की विनंती परत. नाहीतर कुणीही कालच्या ‘येस सर’चं रेकॉर्डिंग आज वाजवलं असतं! वेळ मात्र जागतिक लागते, आपली साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत सहीवर तारीख कालचीच. आणि आमच्या बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली की तो १ जानेवारी १९७० या दिवशी जागा होतो. गावाकडचं लोडशेडिंग बघता त्याने १९७० साल दिवसातून दोनदा पाहिलं. म्हणून आधी इंटरनेटवरून वेळ विचारायची, मग बाकीचं.

मे महिन्यात यंत्र बसवायला गावी गेलो. रात्री ओट्यावर आबांना हे सगळं सांगत होते. आबा सातवीपर्यंत शिकलेले, पण कागद म्हटला की कान टवकारतात.

‘म्हंजी शिक्का घरातच ऱ्हातो, कागद तेवढा जातो?’ ते म्हणाले.

‘हो आबा. आणि त्या कागदावर जे लिहिलंय तेवढ्यालाच ती सही लागू. एक आकडा बदलला तरी सही फुकट.’

‘आन् शिक्का न बघता समोरचा वळखतो कसा?’

‘त्याच्याकडेही तशीच किल्ली असते. तो स्वतः हिशेब करून बघतो.’

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. ‘मग तो आपल्या नावानं काय बी लिहू शकतो की!’

आमच्या ओरलला एक्स्टर्नलनेही हा प्रश्न विचारला नाही! आबांचं अगदी बरोबर आहे. किल्ली दोघांकडे सारखीच, म्हणून ही सही त्या दोघांपुरती. तिसऱ्यासमोर, म्हणजे कोर्टात, ‘हे मीच लिहिलं’ किंवा ‘हे मी लिहिलंच नाही’ असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या किल्ल्या लागतात, सही करायची एक आपल्याजवळ आणि तपासायची दुसरी जगजाहीर. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केलेली डिजिटल सही ती. एचमॅक वाटेतल्या चोरापासून राखतो, दुकानदारापासून नाही.

‘पन तू इचारलंस त्यो बरं केलंस आबा, असं कोन म्हननार न्हाई व्हय?’ असं म्हणत आबा हसले. मग जरा थांबून म्हणाले, ‘तवा असलं कायतरी पायजे हुतं.’ त्या तीस गुंठ्यांबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच. आता ते कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारतात. गॅसच्या पावतीवरसुद्धा! घरात सगळे त्यावरून त्यांची थट्टा करायचे, मीही. आता मी नाही करत.

जाता जाता, प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी तीन गोष्टी. एक, सही म्हणजे कुलूप नव्हे. तिने मजकूर बदलल्याचं कळतं, वाचल्याचं नाही, म्हणून एचटीटीपीएस हवंच. दोन, गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून तो कोड गिटहबवर टाकू नका. अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्राम असतात, आणि बिल तुमच्या पप्पांच्या कार्डावर येतं! तीन, एखादी फाईल दुसऱ्याला द्यायची असेल तर किल्ली देऊ नका, सही केलेली लिंक द्या. ती एकाच फाईलची, ठरवलेल्या मुदतीची असते, जास्तीत जास्त सात दिवस.

आमचा बोर्ड सध्या दर अर्ध्या तासाला एक नोंद पाठवतो. खालच्या विहिरीचं पाणी किती उतरलं ते मला हॉस्टेलवर बसून दिसतं, आणि मी फोन करून सांगितलं की आबा म्हणतात, ‘ते मला बी दिसतंय!’ लायब्ररी कुणाला हवी असेल तर जरूर मागा, आनंदाने देईन. गुप्त किल्ली मात्र ज्याची त्याने आणायची.